खिडकीचे गज आणि खोलीतली हवा

शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाऊ लागले आहे. कोविडच्या साथीनंतर तर हा विषय शिक्षक प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातही येऊन बसला. ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या नावाचा एखादा तास असतो. कुठे योगासने, कुठे श्वसनाचे व्यायाम, कुठे एखादे प्रेरणादायी व्याख्यान होते. “मास्तरांना कसला आलाय ताण? वर्षातून दोन मोठ्या सुट्ट्या मिळतात की!” एवढ्या वाक्यात पूर्वी हा विषय निकालात निघत असे. त्या मानाने आजची परिस्थिती बरीच पुढे आली आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो.

तरीही या उपक्रमांकडे एकदा चिकित्सकपणे पाहायला हवे असे आम्हाला वाटते. उपाय चांगल्या हेतूने केला म्हणून तो लागू पडतोच असे नाही. तो नेमका कशावर केला, कोणत्या क्रमाने केला आणि त्याने फरक पडला का, हे तीन प्रश्न आपण औषधाला विचारतो, खताला विचारतो. मग या उपक्रमांनाही विचारायला हरकत नसावी. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी थोडी वाट वाकडी करून आपण आधी एका रसायनाची गोष्ट पाहू.

शहाडचा धागा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल सुटली की पहिले स्टेशन लागते शहाड. बिर्ला मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विठ्ठल मंदिरामुळे हे गाव अनेकांना माहीत असते. पण शहाडची दुसरी ओळख म्हणजे सेंच्युरी रेयॉन या नावाने प्रसिद्ध असलेला कृत्रिम धाग्याचा कारखाना. तेथून जवळच मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा मोठा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. कल्याण, उल्हासनगर, आंबिवली परिसरातील शाळांत रेयॉन कामगारांची मुले पिढ्यानपिढ्या शिकत आली आहेत.

रेयॉन बनतो लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, मग त्याचा धागा काढायचा कसा? त्यासाठी लगद्यावर आधी कॉस्टिक सोड्याची आणि नंतर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात. त्यातून मधासारखा घट्ट नारिंगी द्रव तयार होतो. यालाच व्हिस्कोज म्हणतात. तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडला की सेल्युलोज पुन्हा घनरूप होऊन चकचकीत धागा बाहेर येतो. कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. सेल्युलोज विरघळवण्यापुरते त्याचे काम असते, आणि ते झाले की त्यातले बरेचसे वायुरूपाने सुटते. ते कोंडून किंवा शोषून घेतले नाही, तर कामगारांच्या श्वासात जाते.

या रसायनाचा मनाशी असलेला संबंध वैद्यकाला रेयॉनच्या आधीपासून ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्यासाठी ते वापरले जाई. १८५६ मध्ये ऑग्युस्त देल्पेश या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसमधील रबर कामगारांच्या आजाराचे वर्णन केले. डोकेदुखी, अशक्तपणा, विस्मरण, अकारण संताप, मग खोल उदासी, असा तो आजार होता. काही जण भ्रमिष्ट होत. अशा अवस्थेत कामगारांनी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून इंग्लंडमधील काही रबर कारखान्यांच्या खिडक्यांना लोखंडी गज बसवले होते, असे व्यवसायजन्य आजारांच्या इतिहासात नोंदलेले आढळते.

या गजांकडे जरा नीट पाहावे. ते बसवणारा मालक दुष्टच असेल असे नाही. कामगारांचा जीव वाचावा ही इच्छा त्यामागे असू शकते, आणि गजांनी काही जीव वाचलेही असतील. पण खोलीतील हवा तीच राहिली. माणसाचे मन बिघडवणारी गोष्ट हवेत होती आणि उपाय मात्र खिडकीवर झाला.

पुढच्या शंभर वर्षांत औद्योगिक आरोग्यशास्त्र या चुकीतून शिकले. धोक्यावरील उपायांची एक उतरंड या शास्त्राने ठरवली. पहिली पायरी म्हणजे धोका उगमाशीच काढून टाकणे. ते न जमल्यास कमी धोक्याचा पर्याय वापरणे. उदाहरणार्थ, लायोसेल नावाच्या धाग्याच्या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड लागतच नाही. तेही शक्य नसेल तर यंत्र बंदिस्त करून दूषित हवा शोषून घेणे. त्यानंतर कामाच्या पाळ्या व पद्धती बदलणे. आणि सर्वांत शेवटी कामगाराच्या तोंडावर मास्क. मास्क वाईट म्हणून तो शेवटी येतो असे नाही. तो घालण्याचा भार कामगारावर पडतो, तो मधूनमधून काढावा लागतो, आणि त्याने हवा तर बदलतच नाही, म्हणून त्याचा क्रमांक शेवटचा.

शाळेत कार्बन डायसल्फाइड नसते. पण उपायांच्या क्रमाचा हा नियम शाळेलाही लागू पडतो आणि आपण नेमका तोच विसरलो आहोत, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

शाळेतील हवा म्हणजे काय?

कारखान्यातील वायू मोजता येतो. शाळेतील ताण कसा मोजणार? यावर गेल्या पन्नास वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातील दोन कल्पना येथे उपयोगी पडतील.

पहिली कल्पना १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडली. स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या माहितीचा अभ्यास करून ते म्हणाले, की नुसत्या जास्त कामाने माणूस खचत नाही. कामाची मागणी जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार कमी, हे दोन्ही एकत्र आले की मनावरचा भार सर्वांत जास्त होतो. शल्यविशारदाला काम भरपूर असते, पण निर्णयही त्याच्या हाती असतात. यंत्राच्या गतीने हात चालवणाऱ्या कामगाराकडे काम भरपूर आणि निर्णय शून्य. पुढे या मांडणीत सहकाऱ्यांच्या व वरिष्ठांच्या आधाराची भर पडली. आधार असेल तर तोच भार हलका होतो.

दुसरी कल्पना जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांची. १९९६ मध्ये त्यांनी कष्ट आणि मोबदला यांच्या तफावतीकडे लक्ष वेधले. मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. मान आणि नोकरीची शाश्वती हाही मोबदलाच. खूप द्यावे लागते आणि परत येणारे फारच थोडे, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर तिचा परिणाम मनावर होतो आणि हृदयावरही होतो.

आता शिक्षकाचा दिवस या दोन मोजपट्ट्यांवर ठेवून पाहा. मागे एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून गेलो असता आम्ही आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तासिका पाहिली. बाई अपवर्तन शिकवत होत्या. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल ठेवली होती आणि मुले माना वाकड्या करून पाहत होती. एवढ्यात शिपाई आला, “बाई, आधारची यादी साहेबांनी आत्ता मागितलीय.” ती देऊन होते तोच मोबाइलवर संदेश आला, पोषण आहाराची आजची पटसंख्या भरायची राहिली होती. मग एक पालक दाराशी उभे राहिले, त्यांना दाखल्यावर सही हवी होती. पेल्यातील पेन्सिल वाकडी का दिसते हे सांगायचे राहूनच गेले आणि घंटा झाली. बाईंना या तिन्हीपैकी एकही गोष्ट नाकारता आली नसती. शेवटी त्या आम्हाला म्हणाल्या, “सर, दमायला शिकवण्याने होत नाही. शिकवायचे राहिले की होते.”

कॅरासेक यांचा सिद्धान्त इतक्या सोप्या शब्दांत आम्ही क्वचितच ऐकला आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळावी लागते. शिक्षकाच्या कामात भावनांचे श्रम असतात. घरी आजारपण असो, आदल्या रात्री झोप झालेली नसो, वर्गात पाऊल टाकताना चेहरा प्रसन्न ठेवावाच लागतो. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये अशा श्रमांना नाव दिले, पण त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. हे श्रम दीर्घकाळ चालले आणि भरून काही निघाले नाही, की माणूस आतून करपतो. त्याला आज सर्वत्र ‘बर्नआउट’ म्हणतात. सततचा थकवा, कामाविषयी व मुलांविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना ही त्याची तीन लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला, पण तो आजार म्हणून केला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घ आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या केली. ही व्याख्याच सांगते की कारण शोधायचे तर कामाच्या ठिकाणी शोधावे.

कागदपत्रांत शिक्षक कुठे आहे?

आता आपल्याकडील योजनांकडे वळू. जुलै २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांना मानसिक आधार देणे हा त्याचा हेतू. त्यात शिक्षकांचा उल्लेख आहे ही चांगली गोष्ट. २०२२ मध्ये एनसीईआरटीने शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक समस्या लवकर ओळखण्याविषयी पुस्तिका काढली. तिच्यात पहिली नजर ठेवण्याचे काम शिक्षकांकडे आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी महत्त्वाचे निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत म्हटले आहे.

हे सारे आवश्यकच आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा गंभीर प्रश्न आहे आणि शिक्षकाने खचलेले मूल ओळखावे ही अपेक्षा रास्त आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. या कागदपत्रांत शिक्षक प्रामुख्याने येतो तो दुसऱ्यांच्या मनाचा पहारेकरी म्हणून. त्याने लक्षणे ओळखावीत, नोंदी ठेवाव्यात, पालकांशी बोलावे, योग्य ठिकाणी पाठवावे. म्हणजे मनःस्वास्थ्याच्या नावाने त्याच्या कामात आणखी एका कामाची भर पडते. ते करायला वेळ कुठून येणार आणि कोणते काम कमी होणार, याचे उत्तर सहसा दिलेले नसते.

आणि जेथे खुद्द शिक्षकाचे मन हा विषय असतो, तेथे उपाय बहुधा एकाच पातळीवरचा असतो. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, वेळेचे नियोजन करा, छंद जोपासा. उतरंडीच्या भाषेत सांगायचे तर थेट शेवटची पायरी. यात न बोललेला एक निष्कर्ष दडलेला असतो, तो असा की दोष तुमच्या सहनशक्तीत आहे. असे सत्र ऐकून घरी जाणाऱ्या शिक्षकाला आपण ध्यानही धड करू शकत नाही, अशी आणखी एक अपराधी टोचणी लागते.

फरक पडतो का?

हे झाले आमचे तर्क. पुरावा काय सांगतो?

इंग्लंड व वेल्समधील २५ माध्यमिक शाळांत एक मोठी चाचणी झाली. काही शाळांतील शिक्षकांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिले आणि सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना आधार देण्याची व्यवस्था केली. बाकीच्या शाळांत नेहमीप्रमाणे चालू ठेवले. कोणत्या शाळेत काय करायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तुलना भरवशाची आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांतील शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही.

शाळांतील सजगता-ध्यानाची चाचणीही ब्रिटनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. विद्यार्थ्यांना अपेक्षित फायदा दिसला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला कमी झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. वर्षभरानंतर तो फायदा बराचसा ओसरला.

तिसरा अभ्यास शाळांपुरता नाही. ऑक्सफर्डमधील विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण हाताळण्याची प्रशिक्षणे, विश्रांतीचे वर्ग, मोबाइल ॲप अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. हा अभ्यास एका वेळच्या माहितीवर बेतलेला आहे. अधिक त्रासलेले लोकच अशा वर्गांना जात असतील, ही शंका त्यात पूर्ण मिटत नाही. पण पहिल्या दोन अभ्यासांशी तो जुळतो.

हे तिन्ही अभ्यास परदेशातील आहेत. शहाडच्या किंवा शहापूरच्या शाळेला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र ज्या उपायांचा पुरावा अनुकूल परिस्थितीतही कमजोर आहे, ते येथे साठ मुलांच्या वर्गात आणि दोन अधिवेशनांच्या शाळेत आपोआप प्रभावी ठरतील, असे मानायला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत व्यक्तीसाठीच्या उपायांबरोबर कामाच्या रचनेतील बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे तोंडावरचा मास्कही हवा आणि खोलीतील हवाही बदलायला हवी.

आपल्याकडील वरच्या पायऱ्या

वरच्या पायऱ्यांवर काहीच करता येत नाही असे नाही. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा पाहा. त्याचे कलम २७ सांगते, की दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपता येणार नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे काम किमान ४५ तास धरले आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचा वेळ मोजलेला आहे. तयारी हा कामाचा भाग आहे, घरी जाऊन करायचा उपकार नाही, हे कायद्याने मान्य केले आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या वेळापत्रकात तयारीचा तास छापलेला असतो?

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. आमच्या मते शंभर ताणमुक्ती सत्रांपेक्षा या प्रकारच्या कागदाचे मोल जास्त आहे, कारण तो हवेला हात घालतो. अर्थात कोणते काम कोणत्या रकान्यात टाकले, यावर वाद होऊ शकतो. एखाद्या कामाला ‘शैक्षणिक’ म्हटल्याने ते करायला लागणारा वेळ कमी होत नाही.

मोबदल्याच्या बाजूला तर आपल्याकडचे चित्र अधिकच कठीण आहे. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला सुरुवातीला महिना ३,००० रुपये मिळत. २०२३ पासून ते १६,००० झाले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदान’ धोरण आले आणि २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द गेला. पण शब्द गेल्याने पगार सुरू झाला नाही. अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी येऊ लागले. पुढच्या टप्प्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, आणि त्यासाठी निधी मिळावा म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना भर पावसात आझाद मैदानात बसावे लागले. ज्या माणसाने पंधरा-वीस वर्षे अपुऱ्या किंवा शून्य पगारावर फळ्यापुढे उभे राहून काढली, त्याला कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगणे हे खिडकीला गज बसवण्यासारखेच आहे. त्याच्या मनःस्वास्थ्याचा पहिला उपाय कोषागारातून येतो.

भार वाढला की काय होते याचे अलीकडचे उदाहरण निवडणुकीच्या कामाचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. घरोघर फिरणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांमध्ये शिक्षक मोठ्या संख्येने होते. मुदत थोडी आणि काम अफाट. काही राज्यांतून या कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या व आत्महत्यांच्या बातम्या आल्या. आत्महत्येचे कारण कधीच एकेरी नसते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. पण ४ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले ते लक्षात घेण्यासारखे आहे. राज्यांनी अधिक माणसे द्यावीत म्हणजे कामाचे तास कमी होतील, आणि ज्याला खरी अडचण आहे त्याच्या सवलतीच्या विनंतीचा स्वतंत्र विचार व्हावा. उपाय भारावर सांगितला गेला.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांविषयी दोन शब्द. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा सहायक, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यांच्याकडे काम भरपूर, निर्णय जवळजवळ शून्य आणि मान त्याहून कमी. वरच्या दोन्ही मोजपट्ट्या लावल्या तर शाळेत सर्वाधिक धोक्यात कदाचित हेच लोक असतील. ताणमुक्तीच्या सत्राला मात्र त्यांना क्वचितच बोलावतात. बोलावले तर चहा द्यायला.

काही रास्त शंका

कोणी म्हणेल, की कायदे आणि अनुदान बदलायला वर्षे लागतात. तोवर आज रात्री झोप न लागणाऱ्या शिक्षकाने काय करायचे? शंका अगदी बरोबर आहे. हवा शुद्ध होईपर्यंत मास्क काढून ठेवा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. शिवाय नैराश्य, चिंताविकार हे आजार आहेत. ते चांगल्या शाळेतही होतात आणि उपचारांनी बरे होतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी विनामूल्य आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याला तर या क्षेत्राची परंपराच आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षांचे आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही ठाण्याचीच.

दुसरी शंका अशी, की बँकेत, रेल्वेत, पोलिसांतही ताण असतो, मग शिक्षकांचेच कौतुक कशाला? कौतुक नकोच. प्रत्येक व्यवसायाची हवा वेगळी असते आणि ती तपासलीच पाहिजे. शिक्षकाच्या बाबतीत एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे त्याच्या खोलीत चाळीस-पन्नास मुले तीच हवा घेत असतात.

करून पाहा: पंधरा दिवसांची वही

विज्ञान शिक्षकाला मोजमापाची सवय असते. तिचा येथे उपयोग करावा. एका वहीत पाच रकाने आखा: काम, लागलेली मिनिटे, ते कोणी सांगितले, ते शिकवण्याशी संबंधित होते का, आणि ते केव्हा व कसे करायचे हे ठरवणे आपल्या हाती होते का. पंधरा दिवस रोज पाच मिनिटे देऊन ही वही भरा. तासिका चालू असताना आलेला प्रत्येक व्यत्यय वेगळी खूण करून टिपा. शाळेतील चार-पाच सहकाऱ्यांनी आणि एखाद्या लिपिकाने मिळून हे केले तर उत्तम.

शेवटी तीन बेरजा करा. शिकवण्याबाहेरच्या कामाला किती मिनिटे गेली, आपल्या हाती निर्णय नसलेल्या कामाला किती गेली, आणि एकच माहिती किती ठिकाणी पुन्हापुन्हा भरली. ही तिसरी बेरीज सहसा सर्वांत उपयोगी ठरेल, कारण ती कमी करायला कायदा बदलावा लागत नाही. हे संशोधन नव्हे, नमुना लहान आहे, हे मान्य. पण “खूप काम असते हो” या तक्रारीपेक्षा आकडा पुढे ठेवला तर बोलणे वेगळे होते.

मुख्याध्यापकांच्या हाती अधिकार कमी असतात हे आम्ही जाणतो. तरीही काही गोष्टी शाळेच्या भिंतींच्या आत करता येतात. तासिका चालू असताना वर्गात निरोप पाठवायचा नाही, माहिती मागायची ती मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या अर्ध्या तासात. संध्याकाळी सातनंतर व्हॉट्सॲपच्या गटावर काम सांगायचे नाही. वेळापत्रकात प्रत्येकाला आठवड्याचा निदान एक तयारीचा तास छापून द्यायचा आणि तो बदली तासिकेसाठी घ्यायचा नाही. नव्याने लागलेल्या शिक्षकाला एक जुना सहकारी जोडून द्यायचा. तक्रार घेऊन आलेल्या पालकांना शिक्षकाच्या वर्गाच्या दारात न पाठवता आधी स्वतः भेटायचे. यांतील एकाही गोष्टीला निधी लागत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या केंद्रात ताणमुक्तीचे सत्र असल्याचे परिपत्रक आले, तर सत्राला जरूर जा. तेवढाच एक दिवस निवांत मिळतो. जाताना ती वही बरोबर न्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी उभे राहून पंधरा दिवसांच्या तीन बेरजा वाचून दाखवा आणि यांतील कोणती कमी करण्याचे काम कोणाकडे आहे, ते विचारा. व्याख्यात्यांकडे उत्तर नसेल, तर वहीची प्रत केंद्रप्रमुखांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत द्या आणि तिची पोच घ्या.